सरकारची हरकत नाही

३ जून

प्रिय दादा,

आज तुझ्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे काय, बुडालेच. मधोमध तुझ्या मापाचा खड्डा पडलाय आणि मी त्यात आंघोळीच्या टबात बसल्यासारखी बसते. हनुवटी टेबलाला टेकायची तेवढी बाकी आहे. उशी घालून पाहिली, तर उशीलाही खड्ड्यानं गिळलं. इतकी वर्षं सरकारी वकिली करून मागे काय ठेवलंस, तर हा खड्डा आणि टेबलावरचा शाईचा डाग. डाग मात्र छान आहे, बदकासारखा दिसतो.

आई विचारेल, फोन असताना ही पत्रं कसली? तिला सांग, फोनवर आपण दोघं वकील एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कोणी उरत नाही. कागदावर निदान एकाला शेवटपर्यंत बोलू दिलं जातं.

खोली मिळाली. घरमालकांनी पत्ता सांगितला तो असा : ‘दवाखान्यापासून दुसरी गल्ली, निळं दार.’ पहिल्या दिवशी मी चुकून नदीकडे गेले. तिथल्या एका माणसाला विचारलं, तर तोही म्हणाला, ‘मागे फिरा, दवाखाना लागेल.’ तुला ठाऊकच असेल, ह्या गावात बहुतेक सगळे रस्ते त्या दवाखान्यापासूनच सुरू होतात.

आता कामाचं सांगते. माझ्या जुन्या फर्ममध्ये, म्हणजे आता तुझ्या फर्ममध्ये, आधी अशिलाचा चेहरा दिसायचा आणि मग त्याचे कागद. इथे नुसतेच कागद. आज पहिल्याच प्रकरणात उभी राहिले आणि सवयीनं बोलून गेले, “साहेब, माझे अशील असं सांगतात की...” जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, तुमचे अशील कोण?” मी फाईल उलटीसुलटी केली आणि म्हटलं, “सरकार.” “मग सरकार स्वतः येऊन सांगून गेलं का तुम्हाला?” सगळं कोर्ट हसलं. मीही हसले, पण कान लाल झाले होते.

तरीही सांगते, मला बरं वाटतंय. जे तसंही जिंकणारच होते त्यांना जिंकवून देऊन देऊन मी कंटाळले होते. तू का कंटाळलास, ते मात्र तू कधी नीट सांगितलं नाहीस.

तुझी,
टकळी

११ जून

प्रिय टकळे,

खड्ड्याचा आदर कर. तो कष्टानं कमावलेला आहे.

तुझी जागा मला मिळाली आहे, काचेच्या खोलीतली, कोपऱ्यातली. लिफ्टमधून वर यायचं, दार आपोआप उघडतं, आत आपोआप गार होतं, आणि बटण दाबलं की कॉफी. कपाळावरच्या घामाचा थेंब कागदावर पडून अक्षर फुटणं हा प्रकार इथे कोणाला ठाऊकच नाही. सगळे मला ‘सर’ म्हणतात. तिकडे जन्मभर ‘अहो सरकारी’ ऐकलं. आईच्या गुडघ्यांना लिफ्ट मानवली आहे, डॉक्टरही जवळ आहेत. एकंदरीत माझं उत्तम चाललंय. माझी काळजी करायचं कारण नाही.

का सोडलं म्हणतेस? रोज हरत होतो म्हणून नाही. जिंकलो तरी कोणाला पत्ता लागत नव्हता म्हणून. खासगी वकील जिंकला की अशील मिठी मारतो. सरकारी वकील जिंकला की दुसरी फाईल येते. माणसाला कधीतरी मिठीही हवीशी वाटते, एवढंच.

आता थोरल्या भावाचा सल्ला ऐक. पंख्याचं बटण खाली ओढून मग वर ढकलायचं. जज्जसाहेब तिरकस बोलतात पण मनानं सरळ आहेत, त्यांच्याशी खोटं बोलू नकोस. आणि एक गंभीर गोष्ट. तुझं ते ‘हरकत नाही’ आवर. कोणाचा धक्का लागला, हरकत नाही. कोणी पायावर पाय दिला, हरकत नाही. लहानपणी मी तुझी बाहुली गच्चीवरून खाली टाकली, तेव्हाही तू डोळे पुसत हेच म्हणाली होतीस. आईनं लावलेलं वळण आहे, चांगलंच आहे. पण सरकारी वकिलाच्या तोंडी हे दोन शब्द म्हणजे सही आणि शिक्का. समोरचा काहीतरी मागतो, साहेब तुझ्याकडे बघतात, आणि तू ‘हरकत नाही’ म्हणालीस की खेळ खलास. सरकारनं दिलं. म्हणून जिभेला गाठ मार.

तुझा,
दादा

ता. क. हे मी, आई, लिहिते आहे. तो आंघोळीला गेलाय. ह्याचं काही उत्तम चाललेलं नाही. तिथे लागल्यापासून एकदाही कोर्टात उभा राहिला नाही, नुसते कागद तपासतो. मग सगळा जोर घरी. काल दूधवाल्याची उलटतपासणी घेतली. ‘पाणी घातलं की नाही, हो किंवा नाही एवढंच सांगा.’ बिचारा दूध तसंच ठेवून पळाला. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

२ जुलै

प्रिय दादा,

तू नको म्हणालास, आणि मी नेमकं तेच केलं.

आधी एक सांगते. समोर तुझीच फर्म आहे, म्हणून मनातलं काही लिहिणार नाही. भर कोर्टात जे घडलं आणि आता गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेवढंच लिहिते.

त्याच दवाखान्याचं प्रकरण. शेजारच्या कारखान्याच्या कंपनीनं दावा लावलाय की ती इमारत दवाखाना नाहीच, आमचं गोदाम आहे. बंद पडून होतं, आरोग्य खात्यानं अलीकडे कुलूप तोडून घुसखोरी केली. कंपनीला ती पाडून तिथे मालाच्या ट्रकसाठी मोठं फाटक करायचंय. त्यांच्या वतीनं आपला रेशीम आला. तोच, फर्ममधला माझा जुना सहकारी, ज्याच्या आवाजावरून आपण त्याला रेशीम म्हणायचो. त्यानं मागणी केली की निकाल लागेपर्यंत इमारतीला कुलूप लावावं.

साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. नेमका त्याच क्षणी रेशीमच्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा ग्लास माझ्या कागदांवर उपडा झाला. “अरेरे, माफ करा मॅडम, माफ करा!” आणि मी कागद झटकत, रुमालानं पुसत, हसून म्हणाले, “हरकत नाही, हरकत नाही.”

एकदा म्हणाले असते तर चुकून निसटलं म्हणता आलं असतं. मी दोनदा म्हणाले.

साहेब म्हणत होते, “सरकारचं काय म्हणणं?” ते मला ऐकूच आलं नाही. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली तेव्हा मी मान वर केली. हुकूम झाला होता. सरकारची हरकत नाही, इमारत कुलूपबंद करावी. मी उभी राहून ओरडले, “साहेब, ते मी पाण्याला म्हणाले!” कोणी हसलं नाही, दादा. त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लागलं. मी लांबून पाहिलं. डॉक्टरीणबाई टेबल उचलून फुटपाथवर आणत होत्या आणि एक गरोदर बाई खुर्ची धरून उभी होती. जन्मात पहिल्यांदा मला माझा अशील दिसला, तोही माझ्याच तोंडानं बाहेर काढलेला.

वाण्याकडे गेले तर तो म्हणाला, “या, हरकतनाही मॅडम.” नाव पडलंय.

रेशीमनं मुद्दाम केलं का, ते त्याचं त्याला ठाऊक. माझी सवय त्याला चांगली माहीत आहे एवढं खरं. पण ग्लास त्याचा असला तरी जीभ माझी होती. केसबद्दल काही सांगू नकोस. फक्त दोन ओळी लिही, मनाला येतील त्या. चिडून लिहिल्यास तरी चालेल.

तुझी,
टकळी

८ जुलै

टकळे,

पत्र पोचलं. हे प्रकरण संपेपर्यंत मला लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. कारण विचारू नकोस.

दादा

१५ जुलै

प्रिय आई,

दादा माझ्यावर इतका चिडलाय का गं? मी दोन ओळी मागितल्या आणि त्यानं दोन ओळींत दार लावून घेतलं. त्याची इतक्या वर्षांची अब्रू त्या खुर्चीत होती आणि मी महिन्याभरात पाणी ओतलं, हे मला कळतं. पण त्यानं शिव्या तरी घालायच्या. शिव्या घालणारा भाऊ मला पेलतो, गप्प बसलेला नाही.

त्याला सांगू नकोस, तुला सांगते. मी साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. बहाणे काढले नाहीत. चूक माझी, सरकारची नाही, शिक्षा मला द्या पण कुलूप काढा, असं सरळ म्हणाले. साहेबांनी बराच वेळ अर्ज वाचला. म्हणाले, “मॅडम, नोंदवलेला शब्द मी गिळून टाकू शकत नाही. पण सुनावणी लवकर घेऊ शकतो. पुढच्या महिन्यात साक्षीपुरावा आणि लगेच निकाल. तयारीला वेळ मिळणार नाही. तुमची काही...” आणि ते मध्येच थांबले. मी तोंडावर हात ठेवून नुसती मान हलवली. मला वाटतं ते हसले, पण चष्म्यामुळे नीट कळलं नाही.

रोज कोर्टातून सुटले की फुटपाथवर जाते. पेशंटच्या रांगेत बसते. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “तुमची हरकत नव्हती म्हणे!” दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात छत्री दिली. ऊन पेशंटच्या डोळ्यांवर येत होतं, तर मी ती धरून उभी राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “रोज येता, तर जरा कामाचं काही करा. निकाल आपल्या बाजूनं लागला नाही ना, तर आम्हाला कायमचं हलवतील. पुलापलीकडे, तासभर लांब. कळा सुरू झालेली बाई तासभर कशी जाईल, ते तुमच्या साहेबांना विचारा.”

आई, मी हरले तर नोकरी जाईल, जाऊ दे. मी पुन्हा खासगीत जाऊन पोट भरेन. पण ह्या रस्त्यावरून मला परत चालता येणार नाही.

गुडघे कसे आहेत?

तुझी,
टकळी

२२ जुलै

चि. टकळीस,

गुडघे आहेत तिथेच आहेत.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला देता येत नाही, कारण त्यानं मला शपथ घातली आहे आणि मी शपथ मोडणाऱ्यातली नाही. म्हणून मी काही सांगत नाही. एवढंच लिहिते की त्याचे बूट गेले बरेच दिवस दारातच आहेत. आणि दूधवाला हल्ली आमच्याकडे यायलाच घाबरतो, मी कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध घेते. आता तू वकील आहेस, समजून घे.

तो चिडलेला नाही. त्यानं तुझं ते पत्र खिशात ठेवलंय, धुवायला टाकताना मला सापडलं. मी परत ठेवलं.

तू ‘हरकत नाही’ म्हणायचं सोडू नकोस हं. ते मी शिकवलंय. माणसाला सोडून दे, जमिनीला सोडू नकोस, एवढं लक्षात ठेव.

नीट जेवत जा.

आई

२८ जुलै

प्रिय आई,

दादानं नवे बूट घेतले वाटतं. छान. म्हणजे मोठा साहेब झाला. मला लिहायला वेळ नसेल हे आता कळलं.

मी कामाला लागले आहे. बाकी काही लिहीत नाही.

टकळी

२७ ऑगस्ट

प्रिय दादा,

प्रकरण संपलं! तू बंदी घातली होतीस ती उठली. तू वाच नाहीतर चुलीत घाल, पण मी लिहिणार. माझ्या पोटात मावत नाही.

जिंकलो! दादा, जिंकलो आपण! ‘आपण’ लिहिलंय, समोर तुझीच फर्म असली तरी. तुझं मन इकडे होतं हे मला ठाऊक आहे, नसलं तर मला सांगू नकोस.

आता पहिल्यापासून ऐक. त्यांचा मुख्य साक्षीदार म्हणजे कारखान्याचा मॅनेजर. गोरागोमटा, घडी न मोडलेला, बोलणं एकदम पाठ केलेलं. रेशीमनं त्याला पुढे केलं आणि त्यानं धडाधड सांगितलं. गोदाम, गोदाम, गोदाम. प्रत्येक वाक्यात गोदाम. त्याचे कागदही होते आणि माझेही होते, आणि कागदाला कागद भिडले की वर्षानुवर्षं कुस्ती चालते, हे तुला सांगायला नको. मला त्याच्या तोंडून हवं होतं.

उभी राहिले. सगळ्यात आधी टेबलावरचा ग्लास उचलून खाली जमिनीवर ठेवला. साहेबांनी ते पाहिलं. रेशीमनंही पाहिलं.

मग मी मॅनेजरला गोदामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

“तुमचं लहानपण ह्याच गावात गेलं?”

“हो तर. इथलाच जन्म.”

“घर कुठे?”

“पुलाजवळ.”

“कारखान्यात गाडीनं जाता?”

“छे, चालत. तब्येतीला बरं असतं.”

साहेब कंटाळले. “मॅडम, साक्षीदाराच्या तब्येतीचा दाव्याशी काय संबंध?” मी म्हटलं, “साहेब, मी गावात नवी आहे. सारखी रस्ते चुकते. दोनच प्रश्न.” रेशीम गालातल्या गालात हसला. त्याला वाटलं, ही अजून ओल्या कागदांमधून वर आलेली नाही.

“मला पुलावरून तुमच्या कारखान्यात यायचं असेल तर कसं यायचं? मी चुकणार नाही असं सांगा हं.”

मॅनेजर खूश झाला. गावातल्या माणसाला रस्ता विचारला की तो खूश होतोच. हातवारे करत म्हणाला, “अगदी सोपं. पूल उतरायचा, सायकलवाल्याचं दुकान लागेल, तिथून सरळ यायचं आणि दवाखान्यापाशी डावीकडे वळलं की समोर आमचं फाटक.”

मी काही बोलले नाही. दादा, मी! टकळी! गप्प उभी राहिले. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं चालत होती, तेवढाच आवाज. मॅनेजरचा हात डावीकडे वळलेला तसाच हवेत होता आणि चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

“कुठल्या दवाखान्यापाशी?” मी विचारलं.

“तो... तोच.”

“तुम्ही शाळेत जात होतात तेव्हा आई काय सांगायची? गोदामापाशी नीट वळ, की दवाखान्यापाशी नीट वळ?”

त्यानं रेशीमकडे पाहिलं. रेशीम ताडकन उठला. “साहेब, माझी हरकत आहे!”

साहेब म्हणाले, “कशाला? रस्त्याला?”

मग जे हसू फुटलं ना! पट्टेवाला हसला, बाई हसल्या, मागच्या बाकांवर कोणीतरी इतक्या जोरात हसलं की साहेबांनी टेबल वाजवलं. मॅनेजर शेवटी म्हणाला, आणि चांगला माणूस असावा, कारण मान खाली घालून खरं बोलला, “दवाखान्यापाशीच म्हणायची. सगळे तेच म्हणतात.” साहेब टाइप करणाऱ्या बाईंना म्हणाले, “जसंच्या तसं घ्या. एक शब्द गाळू नका.”

ज्या टाइपरायटरवर माझा शब्द उमटला, त्याच्यावरच त्याचाही उमटला. फिटंफाट!

काल निकाल. दावा फेटाळला. साहेबांनी लिहिलंय, ज्या जागेवरून सगळं गाव वळतं ती जागा बंद गोदाम होती, हे कोर्टाला पटत नाही. कुलूप काढायचा हुकूम लगेच. आम्ही सगळे तिथून चालतच गेलो. वाणी दुकान उघडं टाकून आला. डॉक्टरीणबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. दार उघडलं तर आतून कोंडलेल्या औषधांचा वास आला आणि मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, “आता आम्ही आत जायला तुमची काही...?” मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तर त्यांनी माझे हात बाजूला केले आणि म्हणाल्या, “आज म्हणा हो.” मग म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. आणि त्यांनी मला मिठी मारली.

ऐकलंस? सरकारी वकिलाला मिठी! तुला इतक्या वर्षांत मिळाली नाही ती मला पहिल्याच वर्षात.

आता तरी लिही. नवे बूट चावत नसतील तर.

तुझी,
टकळी

१ सप्टेंबर

प्रिय टकळे,

कसले नवे बूट? जुनेच आहेत. दारात पडले होते, कारण मी घरी बसलो होतो. आईनं तुला इतकं उघड सांगितलं आणि तू त्याचा असा अर्थ लावलास. कोर्टात वाघीण आणि घरात एवढी बावळट! वाचून आई डोक्याला हात लावून बसली आहे.

आता सांगतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात फर्मच्या मोठ्या साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. रेशीम तिथे होता. म्हणाले, “तुम्ही त्या खुर्चीत होतात. दवाखान्याबद्दल कंपनीची पहिली नोटीस आली तेव्हा सरकारतर्फे उत्तर तुम्हीच दिलं होतंत. सरकारची बाजू कुठे कच्ची आहे ते तुम्हाला आतून माहीत. कोर्टात येऊ नका, नाव लावू नका, फक्त रेशीमच्या शेजारी बसून सांगा.” मी म्हटलं, ज्याचं मीठ खाल्लं त्याची गुपितं विकत नाही. ते म्हणाले, “आम्ही तुम्हाला उगाच आणलं का मग?” तेव्हा कळलं की मला का आणलं होतं. मी वकील म्हणून आलोय असं मला वाटत होतं. त्यांनी कपाट म्हणून आणलं होतं, किल्लीसकट.

बटण दाबलं, शेवटची कॉफी घेतली आणि लिफ्टनं खाली आलो. पुन्हा वर गेलो नाही.

तुला लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, का सोडलंस? मग मी सांगितलं असतं, आणि त्यांच्या खोलीत ऐकलेलं काही ना काही माझ्या शाईतून तुझ्यापर्यंत आलं असतं. मला दोन्हीकडचं मीठ चढलं होतं. म्हणून गप्प राहिलो. टकळे, ते कार्ड टाकताना पेटीपाशी मी बराच वेळ उभा होतो. तुझ्या चुकीवर मी चिडलो नव्हतो. तू ती साहेबांसमोर कबूल केलीस हे आईकडून ऐकलं तेव्हा मी तोंड फिरवून खिडकीपाशी गेलो. मला नसतं जमलं ते.

आणि आणखी एक. मागच्या बाकावर जोरात हसलं ते कोण, ओळखलंस का? दाराजवळच्या बाकावर बसलो होतो, तुला दिसू नये म्हणून एका जाड्या माणसाच्या आड. तू रस्ता विचारलास तेव्हाच मला घाम फुटला. वाटलं, गेली ही, वाया गेली. आणि मग तो म्हणाला ‘दवाखान्यापाशी’, आणि तू गप्प राहिलीस. मी सगळं आयुष्य कोर्टात काढलं, इतकं सुंदर गप्प राहणं मी ऐकलेलं नाही. जाड्यानं मला विचारलं, “कोण हो ही बाई?” मी म्हणालो, “ती? ती सरकार आहे.” मग राहवेना, म्हणून पुढे जोडलं, “आणि माझी धाकटी बहीण.”

निकालाच्या दिवशी यायचं धाडस झालं नाही. हरली असतीस तर मला बघवलं नसतं.

आता काम. घरात बसून मी आईला आणि दूधवाल्याला छळतो. खासगीत दुसरीकडे बोलावतात, पण मला आता कळलंय की माझी जीभ कोणासाठी चालते. मला परत यायचंय. तुझ्या गावात, त्याच कोर्टात, त्याच खुर्चीत. तू खासगीत परत गेलीस तर तुला आता कोणीही डोक्यावर घेईल, जाहिरातच झाली आहे तुझी. मग खुर्ची मी घेतली तर तुझी काही हरकत?

तुझा,
दादा

ता. क. आई. तो विचारतोय तसं गोड बोलून देऊन टाकू नकोस. मी काय सांगितलं होतं ते आठव.

५ सप्टेंबर

प्रिय दादा,

पत्र वाचून आधी रडले. मग बुटांवरून हसले. मग तुला मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या की मागच्या बाकावरून उठून पुढे का नाही आलास. त्या सगळ्या तू आलास की तोंडी देईन. कपाट म्हणून आणलं आणि तू माणूस म्हणून बाहेर पडलास, ह्याचा मला किती अभिमान वाटला ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

हरकत आहे.

बघ, लिहिलं. दादा, सरकारची सक्त हरकत आहे. नोंदवून घे, जसंच्या तसं, एक शब्द न गाळता. मी कुठेही परत जात नाही. ही खुर्ची माझी आहे. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला बोलावून मी तिचा खड्डा भरून घेतलाय आणि आता माझी हनुवटी टेबलाच्या चांगली वर असते. वाणी मला हल्ली ‘हरकत मॅडम’ म्हणतो आणि मी ओ देते.

पण ऐक. दवाखान्याला कुलूप लागलं तेव्हाच साहेबांनी वर कळवलं होतं की एका सरकारी वकिलावर हे कोर्ट रेटत नाही. दुसरी जागा मंजूर झाली आहे. जाहिरात पुढच्या आठवड्यात. अर्ज कर, मुलाखतीला ये, रांगेत उभा राहा सगळ्यांसारखा. मी तुझ्यासाठी चकार शब्द टाकणार नाही आणि निवड करणाऱ्यांना आधीच कळवून ठेवलंय की उमेदवारांमध्ये माझा भाऊ असू शकतो. तू आपल्या जिवावर ये. येशीलच.

आईची काळजी करू नकोस. इथे लिफ्ट नाही, पण निळ्या दाराचं घर तळमजल्यावरच आहे आणि डॉक्टर दोन गल्ल्यांवर. आता तो दवाखाना कुठे जात नाही. दूधवाल्याला मी अजून काही सांगितलेलं नाही, त्याचे सुखाचे दिवस आहेत तोवर राहू देत.

रस्ता तुला ठाऊक आहे, तरी स्टेशनवर उतरलास की कोणालाही विचार. सगळे तुला एकच खूण सांगतील.

माझ्या शेजारी भिंतीला लागून दुसरं टेबल टाकून घेतलंय. खुर्ची अगदी नवी कोरी आहे, सपाट. खड्डा तुझा तू पाड.

तुझी,
टकळी